तोरणाखालचा टेम्पो

ज्या वर्षी आमच्या घरचे बैल विकले, त्याच वर्षी मी बारावी पास झालो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण गावात लोक त्या एका दमात सांगायचे. "बैल इकले अन् पोट्टं कॉलेजात टाकलं." खरं म्हणजे बैलांच्या बदल्यात बाबांनी एक जुना डिझेल टेम्पो घेतला होता. मी वर्ध्याच्या कॉलेजात बीएस्सीला गेलो ते माझं मी. आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे मी नेमका काय शिकतो हे घरी सांगता येत नसे. आई विचारणाऱ्यांना "लाइटीचं" म्हणायची. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही, आणि पुढे ते मला महागात पडलं.

आमचं गाव सेलू तालुक्यातलं. शेतात भाजीपाला. वांगी, पत्ताकोबी, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे ती कोथिंबीर या नावाने विकली गेली नसती. पहाटे चारला माल भरायचा, नागपूरच्या बाजारात न्यायचा आणि अकरापर्यंत परत यायचं, असा बाबांचा दिवस होता.

टेम्पो उन्हाळ्यात आला. पोळा आला तेव्हा प्रश्न उभा राहिला की आता पूजा कोणाची करायची. बाबांनी यावर कोणाशी चर्चा केली नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं निमंत्रण देतात. संध्याकाळी बाबा वाटी घेऊन टेम्पोसमोर उभे राहिले. त्याचा खांदा कुठे असतो हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी बंपरच्या दोन्ही टोकांना तूप चोळलं आणि इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"तो का जेवते?" आई दारातून म्हणाली.

"डिझेल पेते ना," बाबा म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

रंगवण्याचं काम माझ्याकडे आलं. बैलांच्या शिंगांसाठी आणलेला लाल ऑइल पेंटचा डबा घरात पडून होता. बाबांनी सांगितलं होतं, "समोरून रंगव." पण दिलेलं काम सांगितल्यापेक्षा थोडं जास्त करायची मला सवय होती. शाळेत त्यासाठी माझं कौतुक व्हायचं. मी समोरून रंगवला, मागून रंगवला, आणि मग ड्रायव्हरची सीट उचलली. सीटखाली बॅटरी होती. तिच्या बाजूचं लोखंड गंजलं होतं. मी बॅटरी बाहेर काढली, टेम्पोच्या चौकटीला बोल्टने कसलेली काळी वायर सोडवली, गंज खरवडला आणि तिथे रंगाचे तीन हात मारले. प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला. मग वायर परत कसली आणि बरं दिसावं म्हणून बोल्टालाही रंग दिला. मला अजून आठवतं, काम झाल्यावर मी सीट उचलून पुन्हा पुन्हा आत पाहत होतो.

पोळ्याच्या दिवशी बाबांनी टेम्पो बैलांच्या रांगेत, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली नेऊन उभा केला. डावीकडे शेजारच्या काकाजींची जोडी होती. काकाजी म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले म्हातारे, बाबांपेक्षा वयाने मोठे आणि बोलायला कोणालाच न भिणारे.

"काऊन रे," ते बाबांना म्हणाले, "याचे शिंगं कुठी हायेत?"

"आतमंदी हायेत," बाबा म्हणाले आणि त्यांनी सीट उचलून दाखवली. "पाहा. आतूनई रंगवला पोट्ट्यानं. हात साफ हाये त्याचा."

चारपाच माणसांनी वाकून पाहिलं. बाबांनी लोकांसमोर माझं कौतुक केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मान खाली घालून उभा राहिलो, पण मला फार बरं वाटलं.

आठवड्याभरात टेम्पो चालू व्हायचा थांबला. म्हणजे एकदम थांबला नाही. कधी किल्ली फिरवली की लगेच चालू व्हायचा, कधी आतून फक्त 'टक्' असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. मग धक्का. डिझेलची गाडी धक्क्याने चालू होते आणि एकदा चालू झाली की काही तक्रार करत नाही. बाबांनी ती घराजवळच्या उतारावर उभी करायला सुरुवात केली. घरचा प्रश्न सुटला. पण नागपूरच्या बाजारात उतार नाही. पहिल्या आठवड्यात तिथल्या हमालांनी हसत धक्का दिला. दुसऱ्या आठवड्यात चहा मागितला. तिसऱ्या आठवड्यात बाबा किल्लीकडे हात नेताना दिसले की ते पोती उचलून निघून जायचे.

"धक्क्याले घरचा मानूस पाहिजे," बाबा म्हणाले. घरचा माणूस मीच होतो.

माझी प्रात्यक्षिकं सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला वर्ध्याला असत. नागपूर एका दिशेला, वर्धा दुसऱ्या. मी पाच प्रात्यक्षिकं बुडवली तेव्हा सूचनाफलकावर माझा क्रमांक लागला. आणखी दोन बुडाली तर प्रात्यक्षिकांच्या वहीवर सही मिळणार नव्हती, आणि सही नसेल तर परीक्षा नाही. मी सरांना भेटून टेम्पोबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की विद्यार्थ्याच्या आजाराचं प्रमाणपत्र चालतं, टेम्पोच्या आजाराचं चालत नाही.

घरी मी सूचना जशीच्या तशी सांगितली. बाबा पायातलं काढत होते. 

"तू लाइटीचं शिकतं ना?" ते म्हणाले. "याचं दुखनं लाइटीचंच हाये म्हंते मिस्त्री. सुदरव. गाडी सुदरली का तू मोकया."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच असं वाटत होतं की मला ते येत असणार.

सेलूतला मिस्त्री वायरिंगचंच काम करायचा. खताची पोती आणताना आम्ही तीन वेळा टेम्पो त्याच्याकडे नेला. तिन्ही वेळा त्याच्या दारात टेम्पो किल्ली फिरवताच चालू झाला.

"गाडी तं चालू हाये, भाऊ," तो बाबांना म्हणाला. "बंद पडन तवा आना."

"बंद पडली तं आनू कशी?"

"हे बी खरं हाये."

तरी त्याने प्रामाणिकपणे काम केलं. किल्लीचा स्विच बदलला. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी छोटी मोटर, उघडून साफ केली. बॅटरी तपासली, ती उत्तम होती. सीटखाली डोकावून तो म्हणाला, "इथं तं नवंकोरं काम हाये, इथं काई नसन," आणि गंजलेल्या जागा शोधायला दुसरीकडे गेला. मला तेव्हाही थोडं बरं वाटलं.

तेवढ्यात दिवाळीची महिनाभराची सुट्टी लागली आणि मी कॉलेजात शिकवतात तशी पद्धत वापरायचं ठरवलं. एका दोनशे पानी वहीत निरीक्षण तक्ता आखला. तारीख, हवा, टेम्पोची जागा, माल कोणता, किती वेळा किल्ली फिरवली, काय झालं. प्रत्येक पहाटे मी टॉर्च हातात घेऊन नोंद करायचो आणि बाबा मी लिहून होईपर्यंत किल्लीवर हात ठेवून थांबायचे. एकदा ते म्हणाले, "आता मारू का सेल्फ?" आणि मी म्हणालो, "एक मिनिट, हवा लिहायची राहिली."

तीन आठवड्यांच्या नोंदींमधून एक गोष्ट स्पष्ट दिसली. वांगी किंवा पत्ताकोबी भरली असली की टेम्पो चालू होत होता. सांबार असला की होत नव्हता. परतीला रिकामा असला की बहुतेक वेळा होत नव्हता. मी ही माहिती वडिलांना दिली.

"म्हंजे त्याले सांबार आवडत नाई," बाबा म्हणाले.

"असं नसते, बाबा."

"तुह्याच वहीत हाये."

 वजनाचा काही संबंध असावा असं मला वाटत होतं, पण वजनाने वीज कशी बंद होईल हे पुस्तकात कुठे सापडेना. चौथ्या आठवड्यात आमच्या घरी सांबाराला पाणी देणं कमी झालं.

निर्णय काकाजींनी दिला. ओट्यावर बसून त्यांनी वहीतलं सगळं माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "यात काई नाई. बैलाच्या तोरनाखाली डबडं उभं केलं तुह्या बापानं. ज्यायनं बारा वर्सं वढलं ते दुसऱ्याच्या दावनीले, अन् हे नवरदेवावानी सजून उभं. बैल रागावन नाई तं काय?"

बाबा हसले नाहीत. मला वाटतं, काकाजी ते गमतीत म्हणाले होते. पण बाबांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे त्यांच्या मनात आधीपासून होतं आणि कोणीतरी बोलून दाखवायची ते वाट पाहत होते.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी आम्ही नागपूरऐवजी कारंजा घाडग्याकडे गेलो. त्या बाजूच्या एका शेतकऱ्याने आमचे बैल घेतले होते. माझं सहावं प्रात्यक्षिक त्या दिवशी गेलं. आता एकच शिल्लक होतं. मी मांडीवर वही घेऊन बसलो होतो आणि तेच मोजत होतो. सोबत बैलांसाठी अर्धं पोतं ढेप, म्हणजे सरकीची पेंड, होती.

बैल गोठ्याबाहेर बांधलेले होते. एकाने बाबांना ओळखलं आणि मान पुढे केली. दुसरा कडबा खात राहिला. बाबांनी दोघांपुढे ढेप टाकली, दोघांच्याही खांद्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "रागावू नका बाप्पा. माह्याच्यानं दोन्ही पोसनं नोयतं होत."

दुसरा बैल कडबा सोडून ढेप खाऊ लागला. बाबांनी ते मनावर घेतलं.

निघताना त्या शेतकऱ्याने सहा पोती कोहळी टेम्पोत टाकून दिली. घरी खा, वाटा, म्हणाला. बाबांनी किल्ली फिरवली. टेम्पो पहिल्या झटक्यात चालू झाला.

"पाह्यलं?" बाबा म्हणाले. वाटेत ते बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होते. मी तक्त्यात 'कोहळी' लिहिलं.

पुढचे दोन दिवस पत्ताकोबी होती. टेम्पो दोन्ही दिवस चालू झाला. तिसऱ्या दिवशी सांबार होता. टक्.

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "त्यायनं अर्धंच माफ केलं," ते म्हणाले. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. तो गुरुवार होता, पण कॉलेजला कसलीशी सुट्टी होती म्हणून माझं प्रात्यक्षिक वाचलं.

सोमवारी नागपूरचा बाजार बंद होता, त्यामुळे मला जाता आलं. प्रयोग मीटर ब्रिजचा होता. एका पट्टीवर ताणलेल्या तारेवरून टोक सरकवायचं आणि सुई हलते की नाही ते पाहायचं. माझी सुई हलेना. मी सगळ्या जोडण्या दोनदा तपासल्या. एका स्क्रूवर अंगठा दाबला की सुई हलायची, अंगठा काढला की थांबायची.

प्रयोगशाळेचे परिचर मागे येऊन उभे राहिले. सरांपेक्षा आम्ही त्यांनाच जास्त भ्यायचो. त्यांनी माझी वायर सोडवली, टोक उजेडात धरलं आणि खिशातून काचकागदाचा तुकडा काढला.

"याच्यावरचा रंग कोन घासन, बापू? तुहा बाप?"

"हा रंग आहे, काका?"

"मंग का तांब असं चमकते? रंग चढवला रायते त्याच्यावर. रंग घासल्याबिगर करंट जाइन कसा?"

"दाबल्यावर जात होता."

"दाबल्यावर कुठंसा टेकते जरासा. सोडला का गेला."

मी उभाच राहिलो. बाजूच्या मुलाने मला कोपराने ढोसलं.

"काका," मी विचारलं, "लाल ऑइल पेंटमधूनही जात नाही का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनताई असो. करंटले रंग दिसत नाई. का बे, घर रंगवून राह्यला का?"

मी तो काचकागद मागून घेतला. उद्या परत आणून देतो म्हणालो. ते म्हणाले, ठेव.

घरी आलो तेव्हा बाबा शेतात होते. मी सीट उचलली. सगळं होतं तसंच लाल आणि स्वच्छ होतं. बॅटरीतून निघालेली वीज परत बॅटरीत यायला जी एक वाट असते, ती या काळ्या वायरीतून आणि या बोल्टातून जात होती, आणि त्या वाटेवर मी तीन हात रंग दिला होता. माल जड असला की चौकट जराशी वाकत असणार आणि लोखंड कुठेतरी लोखंडाला टेकत असणार. सांबार कधीच पुरेसा जड नसतो. सगळं वहीत होतं. फक्त पोळ्याच्या दिवसाची नोंद वहीत नव्हती, कारण वही मी त्यानंतर सुरू केली होती.

मी बोल्ट काढला आणि रंग घासला. तो फार चांगला बसला होता. खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत अर्धा तास लागला. वायरीचं टोक घासलं, बोल्ट घासला, कसून आवळला. रिकाम्या टेम्पोत बसून किल्ली फिरवली. चालू झाला. बंद करून पुन्हा फिरवली. असं मी वीस वेळा केलं आणि तक्त्यात लिहिलं.

आवाज ऐकून बाबा बांधावरून आले. "सांबार टाक," ते म्हणाले. आम्ही सांबाराच्या जुड्या भरल्या. त्यांनी स्वतः किल्ली फिरवली. चालू. त्यांनी टेम्पो उतारावरून सपाट जागेवर आणला, बंद केला, पुन्हा फिरवली. चालू.

मग ते खाली उतरले आणि कारंज्याच्या दिशेला, म्हणजे आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीकडे, तोंड करून त्यांनी हात जोडले. आईला म्हणाले, "पुरं माफ केलं त्यायनं. पुढच्या आठवड्यात पुरं पोतं घेऊन जातो."

तेव्हा गप्प बसलो असतो तर चाललं असतं. टेम्पो सुधारला होता, मी मोकळा झालो होतो, आणि माझा हात साफच राहिला असता.  पण ते हात जोडून उभेच होते.

"बाबा, बैलायचं काही नाही त्यात," मी म्हणालो. "ते रागावले नव्हते. मी रंग लावला, तिथून करंट जात नव्हता. माझ्यामुळे झालं."

मी सीट उचलून खरवडलेली जागा दाखवली. बाबा वाकले. त्यांनी त्या पांढऱ्या लोखंडावर बोट फिरवलं, मग बाजूच्या रंगावर फिरवलं.

"तीन हात काऊन मारले?"

"चांगलं व्हावं म्हणून."

"हं."

ते तसेच वाकून होते. मला वाटलं आता ते कॉलेजबद्दल काहीतरी बोलतील.

"म्हंजे ते रागावलेच नोयते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकदाई नाई?"

"नाही, बाबा."

ते सरळ झाले. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. पोळ्यानंतर प्रथमच त्यांचे खांदे खाली आल्यासारखे दिसले, एवढं सांगता येतं.

"मंग ढेप उगाच गेली," ते म्हणाले.

"उगाच काऊन?" आई म्हणाली. "त्यायच्या पोटात गेली ना."

यावर बाबांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गुरवारी शाळा हाये ना तुही? जाजो."

ते कॉलेजला शाळाच म्हणायचे.

गुरुवारी पहाटे मी अंथरुणात जागा होतो. बाबांनी एकट्याने सांबार भरला. टेम्पो चालू झाला. मग बंद झाला. मी उठून बसलो. पुन्हा चालू झाला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. ते खात्री करून घेत होते. तिसऱ्यांदा आवाज रस्त्यावर गेला आणि नागपूरच्या दिशेने लहान होत गेला. मी अंघोळ करून वर्ध्याची गाडी पकडली आणि त्यानंतर एकही प्रात्यक्षिक बुडवलं नाही. फेब्रुवारीत वहीवर सही मिळाली.

बाबांनी ही गोष्ट लपवली नाही. नागपूरच्या हमालांपासून काकाजींपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "यानंच बिघडवली, यानंच सुदरवली." काकाजी म्हणाले, "मंग पुरं शिकला म्हना." टेम्पो मात्र पुढेही कित्येक वर्षं ते उतारावरच उभा करत राहिले.

पुढचा पोळा आला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. आदल्या दिवशी बाबांनी लाल रंगाचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि ते निघून गेले. मी समोरून रंगवला, मागून रंगवला आणि सीट उचलली. आत काळ्या वायरीच्या बोल्टाला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलेलं होतं, आणि त्यावर बैलाच्या कासऱ्याला मारतात तशी घट्ट गाठ होती. मी ती सोडवली नाही. फडक्याच्या कडेकडेने एकच हात मारला.